गर्भमद्यजन्य विकार : प्रतिबंध व साहाय्यविषयक शासकीय धोरण

गर्भारपणात मातेने घेतलेल्या मद्यामुळे गर्भाच्या मेंदूस व अन्य इंद्रियांस कायमची इजा होऊन मुलामध्ये जी शारीरिक, बौद्धिक व वर्तनविषयक वैगुण्ये उद्‌भवतात, त्यांस ‘गर्भमद्यजन्य विकार’ अशी संज्ञा आहे. इंग्रजीतील ‘फीटल अल्कोहॉल स्पेक्ट्रम डिसॉर्डर’ या संज्ञेचा हा पर्याय होय. हा एकच एक रोग नसून सौम्यापासून तीव्रापर्यंत पसरलेली विकारांची श्रेणी आहे. तिच्या तीव्र टोकाला असलेल्या व चेहऱ्यावरील विशिष्ट खुणांनी ओळखू येणाऱ्या प्रकारास ‘गर्भमद्य लक्षणसमूह’ म्हणतात.

मेंदूस झालेली इजा जन्मानंतर भरून काढता येत नाही; मात्र गर्भारपणात मद्य पूर्णपणे वर्ज्य केल्यास ती मुळातच टळते. त्यामुळे या विषयातील शासकीय धोरणास दोन अंगे प्राप्त होतात : एक, गर्भास मद्याचा संपर्क होऊ नये म्हणून करावयाचे प्रतिबंधक उपाय आणि दुसरे, विकार घेऊन जन्मलेल्या मुलास व त्याच्या कुटुंबास द्यावयाचे दीर्घकालीन साहाय्य. भारतात या विकारासाठी स्वतंत्र राष्ट्रीय धोरण नाही. मद्यविक्रीचे नियंत्रण, गर्भवतींची आरोग्यसेवा, बालकांची तपासणी आणि दिव्यांगांचे कल्याण अशा निरनिराळ्या खात्यांच्या कामांत त्याचे तुकडे विखुरलेले आहेत. ही स्थिती प्रत्यक्षात कशी आहे, हे समजण्यास पालघर जिल्ह्यातील वसई–विरार परिसराचे उदाहरण उपयुक्त आहे. दाट नागरी वस्ती, बागायती गावे, कोळीवाडे आणि अनुसूचित क्षेत्रातील आदिवासी पाडे एकाच तालुक्यात असल्याने राज्यातील बहुतेक सर्व संबंधित कायदे व योजना तेथे एकत्र आढळतात.

कारण व स्वरूप : मद्यातील मद्यार्क म्हणजे एथिल अल्कोहॉल वारेतून सहज पार होतो व थोड्याच वेळात गर्भाच्या रक्तातील त्याचे प्रमाण मातेच्या रक्तातील प्रमाणाच्या जवळपास येते. मद्यार्काचे विघटन करणारी एंझाइमे गर्भाच्या यकृतात पुरेशी नसतात. त्याचा निचरा मुख्यत्वे मातेच्या यकृतावर अवलंबून असतो. शिवाय गर्भजलात मद्यार्क साठून राहतो व गर्भ ते गिळत असल्याने संपर्काचा काळ वाढतो. मद्यार्क व त्यापासून तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड यांमुळे मेंदूतील कोशिकांची वाढ, स्थलांतर व परस्परजोडणी बिघडते आणि काही कोशिका मरतात. एका वेळी पुष्कळ मद्य घेणे विशेष घातक असते. तथापि निर्धोक ठरावी अशी कोणतीही मात्रा किंवा गर्भारपणातील कोणताही काळ वैद्यकास ठाऊक नाही.

चेहरा, हृदय इ. भागांची प्राथमिक घडण गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात होते. या काळात अनेक स्त्रियांना आपण गर्भवती असल्याचे कळलेलेही नसते. मेंदूची वाढ मात्र अखेरपर्यंत चालू असल्याने कोणत्याही महिन्यात मद्य सोडल्यास पुढील हानी टळते. प्रतिबंधाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे; कारण ‘आता उशीर झाला’ हा समज स्त्रीस उपचारापासून दूर ठेवतो.

ताडी, माडी किंवा बिअर ही सौम्य पेये असल्याने ती निरुपद्रवी असतात आणि ब्रँडी औषधी असते, हे समज चुकीचे आहेत. गर्भावर परिणाम करतो तो मद्यार्क सर्व मद्यांत एकच असतो. ५ टक्के मद्यार्काच्या ६५० मिलि. बिअरमध्ये सुमारे २५ ग्रॅ. आणि ८ टक्क्यांच्या कडक बिअरमध्ये सुमारे ४० ग्रॅ. मद्यार्क असतो. झाडावरून उतरविलेला गोड रस काही तासांतच आंबून त्यातही मद्यार्क तयार होतो.

लक्षणे : डोळ्यांच्या फटी आखूड असणे, नाक व वरचा ओठ यांमधील खळगी सपाट असणे आणि वरचा ओठ पातळ असणे, या तीव्र प्रकारातील चेहऱ्याच्या तीन प्रमुख खुणा होत. त्यांच्या जोडीला वजन व उंची कमी भरणे, डोक्याचा घेर लहान असणे आणि हृदय, मूत्रपिंडे, दृष्टी वा श्रवण यांतील दोष आढळू शकतात. परंतु बहुसंख्य मुलांच्या चेहऱ्यावर कोणतीच खूण नसते. त्यांच्यात विस्मरण, चंचलता, गणित व कालमापन न जमणे, कृतीचा परिणाम न उमगणे आणि एकदा शिकलेले दुसऱ्या दिवशी न आठवणे अशी लक्षणे दिसतात. बोलणे मात्र पुष्कळदा वयानुसार किंवा त्याहून चतुर असते. यामुळे अशा मुलास शाळेत व घरी आळशी, हट्टी किंवा खोटारडे ठरविले जाते. जे त्याला जमत नाही ते तो मुद्दाम करीत नाही, असे मानले गेल्याने शिक्षेवर शिक्षा होते आणि मूळ इजेत दुसऱ्या इजेची भर पडते.

इतिहास : फ्रान्समधील नँट येथील वैद्य पॉल लेमॉइन व त्यांचे सहकारी यांनी १९६८ मध्ये मद्यासक्त मातापित्यांच्या १२७ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, पण त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. अमेरिकेतील सिॲटल येथे केनेथ लायन्स जोन्स, डेव्हिड डब्ल्यू. स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मद्यासक्त मातांच्या आठ मुलांतील समान लक्षणे द लॅन्सेट या नियतकालिकात मांडली व त्याच वर्षी ‘गर्भमद्य लक्षणसमूह’ ही संज्ञा रूढ केली. त्याच गटातील मानसशास्त्रज्ञ ॲन स्ट्राइसगुथ यांनी पुढे अशा व्यक्तींच्या आयुष्याचा मागोवा घेतला. ४१५ व्यक्तींविषयीच्या त्यांच्या १९९६ मधील अहवालानुसार ९० टक्क्यांहून अधिक जणांना मानसिक आरोग्याच्या तक्रारी होत्या. शाळा सुटणे व कायद्याच्या कचाट्यात सापडणे हे प्रकारही मोठ्या प्रमाणावर आढळले. मात्र ज्यांचे निदान वयाच्या सहा वर्षांपूर्वी झाले होते आणि ज्यांना स्थिर, मायेचे घर लाभले होते, त्यांच्यात हे दुष्परिणाम लक्षणीय रीत्या कमी होते. साहाय्यविषयक धोरणाचा पाया या निष्कर्षात आहे : मेंदूची इजा पुसता येत नाही; पण तिच्यातून पुढे उद्‌भवणारी दुर्दशा टाळता येते.

द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार सुमारे ९·८ टक्के स्त्रिया गर्भारपणात मद्य घेतात, दर दहा हजार लोकांत सुमारे १५ जणांना तीव्र लक्षणसमूह असतो आणि गर्भारपणात मद्य घेणाऱ्या सुमारे ६७ स्त्रियांमागे एकीच्या मुलास तो होतो. संपूर्ण श्रेणी विचारात घेतल्यास हे प्रमाण कितीतरी वाढते. भारतात बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिकाविज्ञान संस्थेतील तज्ञांनी २००८ मध्ये इंडियन पीडिॲट्रिक्स या नियतकालिकातून या विषयाकडे बालरोगतज्ञांचे लक्ष वेधले.

इतर देशांतील धोरणे : ही सर्वसाधारणपणे चार प्रकारची आहेत. पहिला प्रकार इशाऱ्याचा. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी १९८१ मध्ये गर्भवतींनी मद्य टाळावे असा सल्ला दिला आणि १९८८ च्या कायद्याने मद्याच्या बाटलीवर जन्मदोषांचा उल्लेख असलेला इशारा सक्तीचा झाला. फ्रान्समध्ये २००७ पासून गर्भवतीचे निषेधचिन्ह किंवा तशा अर्थाचा मजकूर बाटलीवर छापावा लागतो. ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये मंजूर झालेला गर्भारपणविषयक इशारा ३१ जुलै २०२३ पासून बंधनकारक झाला. दुसरा प्रकार आरोग्यसेवेतील चौकशीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गर्भवतीस मद्य व अन्य पदार्थांविषयी शक्य तितक्या लवकर आणि प्रत्येक भेटीत विचारावे, मद्य घेणाऱ्या स्त्रीस थोडक्यात समुपदेशन द्यावे आणि आसक्ती जडलेल्या स्त्रीचे मद्य रुग्णालयीन देखरेखीखाली सोडवावे. तिसरा प्रकार निदान व साहाय्याचा. कॅनडात २००५ मध्ये निदानाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, ऑस्ट्रेलियाने २०१८ ते २०२८ या काळासाठी कृती योजना आखली आणि इंग्लंडमध्ये २०२२ मध्ये या विकारासाठी सेवेचे गुणवत्ता मानक ठरविण्यात आले. चौथा प्रकार दंडाचा असून अमेरिकेच्या काही राज्यांत गर्भारपणातील अंमली पदार्थांचे वा मद्याचे सेवन बालछळ मानले जाते. या प्रकाराचा विचार पुढे केला आहे.

भारतातील घटनात्मक व कायदेशीर चौकट : भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार लोकांचे पोषण, राहणीमान व सार्वजनिक आरोग्य उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असून औषधी प्रयोजनाखेरीज मादक पेयांच्या सेवनास बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावयाचा आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत सार्वजनिक आरोग्य (नोंद ६), मादक मद्ये (नोंद ८) आणि दिव्यांगांस साहाय्य (नोंद ९) हे विषय जवळजवळ लागून आलेले आहेत. म्हणजे गर्भमद्यजन्य विकाराशी संबंधित तिन्ही बाबी मुख्यतः राज्याच्या अखत्यारीत येतात. प्रशासनात मात्र त्या तीन वेगळ्या विभागांकडे आहेत.

मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती व ताडीची झाडे छेदणे यांवर कर व परवाने बसविले. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ संमत होऊन १९५० मध्ये राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली [⟶ दारूबंदी]. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर ती टप्प्याटप्प्याने शिथिल करण्यात आली. ताडीसाठी १९६८ मध्ये व देशी दारूसाठी १९७३ मध्ये नियम करण्यात आले. हाच अधिनियम आता ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ या नावाने अंमलात आहे. त्याखालील परवाना पद्धत कायम असून सौम्य बिअर व वाइन यांसाठी २१ आणि अन्य मद्यांसाठी २५ वर्षे अशी किमान वयोमर्यादा आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये लोकचळवळीतून दारूबंदी आली. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू केलेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. राज्याने २०११ मध्ये व्यसनमुक्ती धोरण स्वीकारले.

बाटलीवरील मजकुराविषयी भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले. त्यांनी विहित केलेला इशारा मद्यसेवन आरोग्यास अपायकारक असल्याचे सांगतो आणि मद्य पिऊन वाहन चालविण्यापासून परावृत्त करतो. गर्भारपणाचा उल्लेख त्यात नाही. त्यामुळे इतर काही देशांत ज्या स्वस्त उपायापासून प्रतिबंधाची सुरुवात झाली, तो भारतात अंमलात आलेला नाही.

वसई–विरारमधील परिस्थिती : वसई, विरार, नालासोपारा व नवघर–माणिकपूर या नगरपरिषदा आणि लगतची अनेक गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई–विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सुमारे १२·२ लाख होती. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हा वसई हा त्याच्या आठ तालुक्यांपैकी सर्वांत नागरी तालुका ठरला. पश्चिमेकडील पट्ट्यात नारळी–केळीच्या वाड्या व अर्नाळा, पाचूबंदर यांसारखी मच्छीमार गावे आहेत. रेल्वेच्या दोन्ही अंगांस चाळी व इमारतींची दाट वस्ती आहे. पूर्वेस तुंगारेश्वरच्या डोंगररांगांलगत वारली, कातकरी, मल्हार कोळी इ. आदिवासींचे पाडे असून तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात.

या परिसरात मद्य नाना रूपांत उपलब्ध असते. माडापासून माडी व ताडापासून ताडी काढणे हा भंडारी समाजाचा जुना व्यवसाय. आदिवासी भागात मोहाची दारू सण व लग्नकार्य यांत पूर्वापार चालत आलेली आहे. शहरात परवानाप्राप्त दुकाने व बिअर बार आहेत. मद्यपान ही कोणत्या एका समाजाची खूण नव्हे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील २७·३ टक्के पुरुष व १·६ टक्के स्त्रिया मद्य घेत होत्या. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील स्त्रियांत हे प्रमाण १·३ टक्के आढळले. अरुणाचल प्रदेशात मात्र ते सुमारे २४ टक्के होते. स्त्रियांचे मद्यपान निंद्य मानले जात असल्याने ते लपविण्याकडे कल असतो आणि अल्प सरासरीमुळे प्रश्नच अस्तित्वात नाही, असा गैरसमज होतो. सरासरी अल्प असली, तरी बारा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात तिचा अर्थ हजारो स्त्रिया असा होतो.

मद्याची उपलब्धता रोखण्याचे दोन वेगळे मार्ग या एकाच तालुक्यात लागू आहेत. अनुसूचित क्षेत्रातील गावांत पंचायत उपबंध (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, १९९६, म्हणजे ‘पेसा’, याने मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी वा नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेस व पंचायतीस दिला असून त्यासाठी महाराष्ट्राने २०१४ मध्ये नियम केले. अन्य गावांत व शहरी प्रभागांत मतदानाने दुकान बंद करण्याची तरतूद असून उभी बाटली किंवा आडवी बाटली या चिन्हांवर मत दिले जाते. स्त्रियांच्या मागणीस या तरतुदीत विशेष स्थान आहे. तथापि दोन्ही मार्ग दुकानापुरते आहेत. घरात किंवा पाड्यावर तयार होणारे मद्य आणि ते पिणाऱ्या स्त्रीची गरज त्यांच्या कक्षेबाहेर राहते.

प्रतिबंध व आरोग्यसेवा : गर्भवतीशी शासनाचा संबंध अनेक ठिकाणी येतो. शहरात महानगरपालिकेची नागरी आरोग्य केंद्रे व वसईतील सर डी. एम. पेटिट रुग्णालय, तर ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे, आशा स्वयंसेविका व अंगणवाडी सेविका ही या संबंधाची केंद्रे होत. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानानुसार दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची वैद्यकीय तपासणी होते. आदिवासी क्षेत्रात गर्भवती व स्तनदा मातांसाठी २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. परिचारिकांसाठीच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत गर्भवतीस तंबाखू, मद्य यांसारख्या सवयींविषयी विचारण्याचा निर्देश आहे. त्यामुळे प्रतिबंधासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. असलेल्या यंत्रणेने नेमका प्रश्न नेमक्या रीतीने विचारणे एवढीच पहिली गरज असते.

प्रश्न विचारण्याची रीत मात्र निर्णायक ठरते. सासू किंवा पती यांच्यासमोर, रांगेतील इतर स्त्रियांच्या कानांवर जाईल अशा आवाजात ‘दारू पिता का?’ असे विचारल्यास उत्तर ‘नाही’ असेच येते. ताडी, माडी, मोहाची, बिअर, वाइन अशी नावे घेऊन, गर्भ राहिल्याचे कळण्यापूर्वीचे दिवस धरून व एकांतात विचारल्यास खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. सर्वच गर्भवतींना हा प्रश्न विचारला गेल्यास कोणा एकीकडे संशयाने पाहिल्याची भावनाही राहत नाही. पती मद्यासक्त असल्यास स्त्रीस मद्य सोडणे कठीण जाते. म्हणून समुपदेशनात त्याचाही समावेश असावा लागतो.

स्थलांतर ही या भागातील विशेष अडचण होय. जव्हार, मोखाडा, विक्रमगड इ. तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे भातकापणीनंतर वसई, भिवंडी इ. ठिकाणी वीटभट्ट्या, रेती व बांधकाम यांवर कामास येतात व पावसाळ्यापूर्वी परततात. गर्भारपणातील चार–सहा महिने अशा रीतीने गावच्या आशा स्वयंसेविकेच्या नजरेआड जातात. महिला व बाल विकास विभागाच्या स्थलांतर मागोवा प्रणालीचा उद्देश हा खंड भरून काढणे हा आहे. मद्याविषयीची चौकशी अशा नोंदींबरोबर एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात गेली, तरच समुपदेशन सलग राहू शकते.

मद्यासक्त स्त्रियांसाठी उपचाराची सोय हा प्रतिबंधाचा सर्वांत दुर्बल दुवा आहे. व्यसनमुक्ती केंद्रे बहुतांशी पुरुषांसाठी आहेत. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले व पुढे त्याने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग काढला. परंतु वसईच्या पाड्यावरील गर्भवतीस पुणे दूर पडते. दीर्घकाळ व पुष्कळ पिणाऱ्या स्त्रीने एकाएकी मद्य थांबविल्यास तिला झटके व भ्रम होऊन तिच्यासह गर्भासही धोका संभवतो. म्हणून प्रसूतिसेवा व व्यसनोपचार एकाच छताखाली मिळणे आवश्यक ठरते.

ओळख व साहाय्य : बालकांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथूनच सुरू झाला, त्या वेळी पालघर ठाणे जिल्ह्यात होते. जन्मतः असलेले दोष, आजार, पोषणातील उणिवा आणि विकासातील विलंब या चार प्रकारांत मोडणाऱ्या सुमारे ३० स्थितींसाठी जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडीत व शाळेत करावी आणि पुढील उपचारांसाठी त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी त्याची रचना आहे. गर्भमद्यजन्य विकार या यादीत नाही. त्याची लक्षणे मात्र यादीत विखुरलेली आहेत : बोधनातील विलंब, भाषेतील विलंब, अध्ययन विकार, अवधानन्यूनता व अतिचंचलता, जन्मजात हृदयदोष. त्यामुळे अशा मुलाची नोंद एखाद्या लक्षणाखाली होते. कारणाखाली होत नाही. कारणाची नोंद नसल्याने आकडा निघत नाही, आकडा नसल्याने तरतूद होत नाही आणि त्याच मातेच्या पुढच्या गर्भारपणात करता येण्याजोगा प्रतिबंधही राहून जातो. कुपोषण ज्या भागात मोठे आहे, तेथे कमी वजन व लहान डोके यांचे खापर केवळ उपासमारीवर फुटण्याचा संभव अधिक असतो. वस्तुतः ही दोन्ही कारणे एकाच मुलात असू शकतात आणि निकृष्ट पोषणामुळे मद्याची हानी वाढते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यात मान्य केलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांचा समावेश असून गर्भमद्यजन्य विकाराचा स्वतंत्र उल्लेख नाही. आरक्षण व अनेक सवलती यांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. स्ट्राइसगुथ यांच्या पाहणीत केवळ सुमारे १६ टक्के व्यक्तींचा बुद्ध्यंक ७० पेक्षा कमी होता. बुद्ध्यंक त्याहून थोडा वर, परंतु दैनंदिन व्यवहाराचे कौशल्य मात्र वयाहून पुष्कळ मागे, अशा मुलाचे वैगुण्य प्रमाणपत्राच्या चौकटीत बसविणे कठीण जाते. गरज असूनही ते हक्कांबाहेर राहण्याचा धोका येथे आहे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केल्याने अशा सीमारेषेवरील मुलांचा विचार एका ठिकाणी होण्यास वाव निर्माण झाला आहे.

निदानाची वाट न पाहता करता येण्याजोगे साहाय्यही पुष्कळ आहे. दिनक्रम ठरलेला ठेवणे, एका वेळी एकच सूचना देणे, शब्दांऐवजी चित्रे व प्रत्यक्ष कृती यांतून शिकविणे, गोंगाटापासून दूर बसविणे आणि शिक्षेऐवजी पुनःपुन्हा आठवण करून देणे, हे उपाय शिक्षकास व पालकास साधे प्रशिक्षण देऊन शिकविता येतात. २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्यानुसार व समग्र शिक्षा योजनेतील समावेशक शिक्षणाच्या तरतुदींनुसार अशा साहाय्यास वेगळ्या कायद्याची गरज नाही.

दोष व दंड यांचा प्रश्न : मातेच्या मद्यपानाने मुलास इजा होते, म्हणून तिला शिक्षा करावी, असा विचार वरकरणी सरळ वाटतो. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०१४ मध्ये गर्भमद्य लक्षणसमूह असलेल्या एका मुलीच्या भरपाईच्या दाव्यात गर्भारपणातील मद्यपान हा गुन्हा ठरत नाही, असा निर्णय दिला. शिक्षेच्या भयाने स्त्रिया तपासणीस येण्याचे टाळतात, त्यामुळे मद्य सुटण्याची शक्यताही मावळते, हा दंडाविरुद्धचा मुख्य व्यावहारिक आक्षेप होय. ‘दारू पिणारी बाई’ हा शिक्का जेथे घर व गाव दोन्ही सोडावयास लावू शकतो, तेथे हा आक्षेप अधिकच लागू पडतो. मद्यविक्रीतून शासनास महसूल मिळतो, कुटुंबात मद्य बहुधा पुरुष आणतो आणि बाटलीवर गर्भारपणाचा इशारा नसतो. अशा वेळी सारा दोष स्त्रीच्या माथी मारणे न्याय्य ठरत नाही. काही मुले दत्तक वा नातलगांच्या घरी वाढतात आणि त्यांना वाढविणाऱ्यांस विकाराचे कारण ठाऊक नसते. त्यामुळे मातेची माहिती गोपनीय ठेवून ती मुलाच्या उपचारास उपलब्ध करणे, हा धोरणातील नाजूक पण अटळ भाग आहे.

मूल्यमापन : गर्भवतीस प्रश्न विचारणारी आशा स्वयंसेविका, दुकान बंद करू शकणारी ग्रामसभा व मतदार स्त्रिया, मुलांची तपासणी करणारे पथक, समावेशक शाळा आणि दिव्यांग कल्याण विभाग असे या धोरणाचे बहुतेक सर्व घटक वसई–विरारमध्ये आज अस्तित्वात आहेत. उणीव आहे ती त्यांना जोडणाऱ्या सूत्राची. बाटलीवर गर्भारपणाचा स्पष्ट इशारा, प्रत्येक गर्भवतीस एकांतात विचारलेला प्रश्न व त्याची गोपनीय नोंद, स्त्रियांसाठी जवळपास उपचार, बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत या विकाराचा अंतर्भाव आणि प्रमाणपत्रात व्यवहारकौशल्यास योग्य वजन, या पाच गोष्टींनी ते सूत्र साधले जाऊ शकते. ज्या पालघरमधून देशातील बालकांच्या तपासणीस आरंभ झाला, तेथील वीटभट्टीवरच्या मुलालाही त्या तपासणीत आपल्या वैगुण्याचे खरे नाव मिळणे, ही या धोरणाच्या यशाची कसोटी म्हणता येईल. [⟶ अपंग कल्याण, दारूबंदी, मद्यपान, मातृकल्याण व बालकल्याण].